रक्ताचं पाणी

रक्ताची 'बाटली' मी उभ्या नोकरीत कुणाच्या हातात दिली नाही. 1991 साली महामार्गालगतच्या एका गावी रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून लागले, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशव्या चांगल्या रुळल्या होत्या. जुन्या काचेच्या बाटल्यांपैकी एकच उरली होती. तिच्यात माझ्या आधीच्या कुणीतरी मनीप्लांट लावला होता आणि तो खिडकीचे गज धरत छतापर्यंत पोचला होता. तरी त्या खिडकीशी आलेला माणूस एकोणतीस वर्षं बाटलीच मागत राहिला. "सिस्टर, तीन बाटल्या सांगितल्यात डॉक्टरांनी." मी सिस्टर नाही, हे सांगणं मी वर्षा-दोन वर्षांतच सोडून दिलं. ज्याचा भाऊ आत टेबलावर पडलाय, त्याला आपला हुद्दा काय समजावत बसायचा?

बाटली या शब्दात एक हिशेब दडलेला असतो. अंगातून इतकं गेलं, तितकं परत ओतलं, झालं. टाकी रिकामी, टाकी भरली. बाहेरच्या माणसांनी तसं समजावं यात नवल नाही. खिडकीच्या आत आमचाही समज तोच होता, आणि आम्ही ज्या पुस्तकांवरून शिकलो ती लिहिणाऱ्यांचाही बराच काळ तोच होता. माझ्यापुरता तो एका रात्री मोडला. का मोडला ते कळायला मात्र पुढची कितीतरी वर्षं गेली.

1996चा पावसाळा. घाटाच्या पायथ्याला वडापची जीप आणि ट्रक. असल्या रात्री रुग्णवाहिकेच्या आधी टेम्पो येतो, आणि टेम्पोच्या आधी आरडाओरडा. त्या जीपमधला एक तिशीचा गडी, कंबरेचं हाड मोडलेलं, मांडी चिरडलेली. ओटीपोटात रक्त साठतं तेव्हा बाहेर फारसं काही दिसत नाही, माणूस नुसता पांढरा पडत जातो आणि पाणी मागतो. गट बी पॉझिटिव्ह. फ्रिजमध्ये बी पॉझिटिव्हच्या तीन पिशव्या होत्या. क्रॉसमॅचला, म्हणजे पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते तपासायला, पाऊण तास. तोवर सलाईन. दोन्ही हातांना जाड सुया, आणि बाटल्या (या मात्र खरोखरच्या बाटल्या) एकामागून एक रिकाम्या होत होत्या. रक्तदाब वर यायचा, सगळ्यांना हायसं वाटायचं, मग जखम पुन्हा वाहायला लागायची आणि दाब आणखी खाली जायचा. माझ्या तिन्ही पिशव्या गेल्या. पहाटे तीनच्या सुमारास आमचे सर्जन स्वतः खाली आले. हातात काचेची एक टेस्ट ट्यूब, तळाशी जेमतेम दोन मिली रक्त.

"सुईच्या भोकातनं सुद्धा रक्त झिरपतंय त्याच्या. साकळतंय का बघ."

ही चाचणी आमच्याकडे सर्पदंशासाठी करत. घोणस चावली की रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायला कोरड्या, स्वच्छ, काचेच्या ट्यूबमध्ये रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग ट्यूब तिरकी करायची. काचच लागते. काचेला लागलं की रक्ताला आपण शिरेबाहेर आलो आहोत असं वाटतं आणि ते साकळायला लागतं. प्लॅस्टिकला ते तितकं दाद देत नाही. साबणाने धुतलेली ट्यूबही चालत नाही. मी ती ट्यूब स्टँडमध्ये उभी केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. सर्जन स्टुलावर बसले. त्यांच्या ॲप्रनला कोपरापर्यंत रक्त होतं आणि ते तिथे, कापडावर, मस्त वाळलं होतं. ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं, पण त्याचा अर्थ लागला नव्हता. ते आधीचं रक्त असणार, सुरुवातीचं.

वीस मिनिटांनी ट्यूब तिरकी केली. रक्त काचेवरून सरळ घरंगळत तोंडापर्यंत आलं. जरासं फिकं, कोकमच्या सरबतासारखं.

"रक्ताचं पाणी झालंय गं," सर्जन म्हणाले.

आपल्याकडे रक्ताचं पाणी करणं म्हणजे राबणं. ते त्या अर्थाने बोलले नव्हते, पण रात्रभर दोन्ही अर्थांनी तेच चाललं होतं. गडी उजाडायच्या आत गेला.

नंतर कितीतरी वर्षांनी, कार्यालयात इंटरनेट आलं आणि मुलीने मला शोधायला शिकवलं, तेव्हा मी या विषयाचं जमेल तसं वाचायला लागले. इंग्रजी अडखळत, शब्दकोश उशाशी घेऊन. पहिला धक्का वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने दिला. हा गृहस्थ पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या जखमी सैनिकांत काम करत होता. 1918 साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं की सर्जन रक्तस्राव थांबवायला सज्ज होण्याआधी रक्तदाब चढवलात, तर ज्या रक्ताची नितांत गरज आहे तेच वाहून जाईल. म्हणजे आमच्या त्या रात्रीचं वर्णन अठ्ठ्याहत्तर वर्षं आधी छापून झालं होतं.

मग मधल्या काळात झालं काय? सलाईन झालं. 1960च्या दशकात टेक्ससमधल्या डॅलसला टॉम शायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रक्तस्रावात नुसतं रक्त जात नाही, पेशींभोवतालचं पाणीही आटतं, तेही भरून काढायला हवं. म्हणणं खोटं नव्हतं. पण खऱ्या गोष्टीचाही अतिरेक होतो. व्हिएतनामच्या युद्धात जखमींना इतकं सलाईन गेलं की वाचलेल्यांची फुप्फुसं पाण्याने भरायला लागली. त्या आजाराला तिथल्या छावणीच्या शहरावरून 'दा नांग लंग' असं नाव पडलं. तरी नियम राहिला: एक भाग रक्त गेलं तर तीन भाग सलाईन. जगभर शिकवला जाणारा अपघातातल्या उपचारांचा अभ्यासक्रम सुरुवातीलाच दोन लिटर चढवायला सांगायचा. तो आकडा एक लिटरवर आला तो 2018 साली.

आणि 1994 साली, म्हणजे आमच्या त्या रात्रीच्या दोनच वर्षं आधी, ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी 598 रुग्णांचा अभ्यास छापला होता. सगळे गोळी किंवा सुरा लागलेले, जखम धडाला. निम्म्यांना वाटेतच सलाईन, उरलेल्यांना शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचल्यावर. वाट पाहिलेल्यांतले 70 टक्के जगले, लगेच सलाईन मिळालेल्यांतले 62. आमच्या गाववाल्याला सुरा लागला नव्हता, त्याचं हाड मोडलं होतं, त्यामुळे तो अभ्यास त्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मला कळतं. आणि आमच्या सर्जनना दोष द्यावा असंही मला कधी वाटलं नाही. ते रात्रभर पुस्तकात होतं तेच करत होते. चुकलं असेल तर पुस्तक.

पण सलाईन हे अर्धंच उत्तर निघालं.

भाताच्या खाचराचा बांध फुटलेला ज्याने पाहिलाय त्याला रक्त साकळणं वेगळं समजवावं लागत नाही. फुटलेल्या जागी नुसती माती टाकली तर ती वाहून जाते. आधी दगडगोटे लोटावे लागतात, मग पेंढा, आणि पेंढ्यात माती अडकून बसते. शरीरात दगडांचं काम प्लेटलेट करतात. पेंढा म्हणजे फायब्रिन. रक्तातल्या पाण्यासारख्या पिवळट भागात, प्लाझ्मात, फायब्रिनोजेन विरघळलेलं असतं. थ्रॉम्बिन नावाच्या विकराने त्याला चिमटा काढला की त्याचे धागे होतात आणि त्या जाळ्यात लाल पेशी अडकतात. गुठळी तयार. हे सगळं जखमेपुरतंच व्हावं, अंगभर होऊ नये, म्हणून शरीर उलट बाजूनेही माणसं लावून ठेवतं. प्रोटीन सी नावाचा एक पदार्थ साकळण्याला लगाम घालतो. प्लाझ्मिन नावाचं विकर झालेली गुठळी कुरतडतं. एरवी दोन्ही पारडी सारखी.

2003 साली लंडनमध्ये करीम ब्रोही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरने आणलेल्या 1,088 अपघातग्रस्तांच्या रक्ताच्या तपासण्या पाहिल्या. चारातल्या एकाचं रक्त दारात पाऊल ठेवतानाच नीट साकळत नव्हतं. तशा रुग्णांतले 46 टक्के गेले, बाकीच्यांतले 11. यातली खरी खोच पुढे आहे: किती सलाईन दिलं होतं, याच्याशी त्या बिघाडाचा मेळ बसत नव्हता. जखम जितकी मोठी, तितका बिघाड. मोठा मार लागून पेशींना रक्त पुरेनासं झालं की लगाम घालणारी बाजू सुटते, प्रोटीन सी जोर करतं, कुरतडणारं विकर मोकाट सुटतं. गुठळी व्हायला हवी तेव्हाच शरीर ती मोडत बसतं. असं का व्हावं, यावर अजून वाद आहेत. बारीक रक्तवाहिन्या तुंबू नयेत म्हणून असेल, असं एक मत. म्हणजे त्या गड्याच्या रक्ताचं पाणी व्हायला आम्ही सलाईन जोडण्याआधीच, टेम्पोतच, सुरुवात झाली असावी. हे वाचलं त्या दिवशी मी दुपारचा डबा न खाता परत आणला. मनावरचं ओझं कमी झालं की वाढलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

दरम्यान आमच्याकडे प्रगती आली होती. 2000 नंतर केव्हातरी गार राहणारं मोठं सेंट्रिफ्यूज आलं, घटक वेगळे करायची परवानगी आली. नारळ फोडला, पेढे वाटले. आता पिशवी फिरवायची आणि तिचे तीन भाग करायचे: खाली लाल पेशी, वर प्लाझ्मा, मध्ये प्लेटलेटचा अस्पष्ट पट्टा. पहिल्यांदा यंत्रातून काढलेली पिशवी मी उजेडात धरली तेव्हा वरचा प्लाझ्मा इतका नितळ होता, साजूक तूप कढवून गाळल्यावर दिसतं तसा. 'एक दाता, तीन जीव' असा फलक मीच रंगवून घेतला. लाल पेशी फ्रिजमध्ये, प्लाझ्मा उणे 30 अंशांत वर्षभर, प्लेटलेट खोलीच्या तापमानाला सतत हलत्या फळीवर, आणि त्यांचं आयुष्य जेमतेम पाच दिवस. ॲनिमियाच्या बाईला लाल पेशी, डेंगीच्या मुलाला प्लेटलेट. ज्याला जे हवं ते. यात चूक काहीच नव्हती.

चूक अपघाताच्या रुग्णात होती. तो सगळंच गमावत असतो, आणि आम्ही त्याला पॅक सेलच्या, म्हणजे नुसत्या लाल पेशींच्या, पिशव्या देत होतो. एक, दोन, सहा. लाल, घट्ट, दिसायला रक्तच. त्यात दगड नाहीत, पेंढा नाही, नुसती माती. हिमोग्लोबिनचा आकडा कागदावर छान यायचा.

उलट शेजारच्या तालुक्यातली एक छोटी रक्तपेढी अजून अख्खं रक्तच देत होती. आम्ही तिला मागासलेली म्हणायचो.

वाळवंटातल्या एका युद्धाने ही अक्कल शिकवली. बगदादमधल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयात भरमसाट रक्त लागलेल्या 246 रुग्णांच्या नोंदी 2007 साली छापून आल्या. आठ पिशव्या लाल पेशींमागे एक प्लाझ्मा मिळालेल्यांत 65 टक्के दगावले. अडीचामागे एक मिळालेल्यांत 34. जवळजवळ बरोबरीने मिळालेल्यांत 19. आकडे असे की डोळे विस्फारावेत. सगळीकडे एकच गजर सुरू झाला: एकास एक, एकास एक.

मला मात्र त्या आकड्यांत माझं वॉटर बाथ दिसलं. प्लाझ्मा दगडासारखा गोठलेला असतो. तो 37 अंशांच्या पाण्यात वितळायला वीस-तीस मिनिटं लागतात. घाई करून गरम पाण्यात टाकलात तर त्यातली प्रथिनं नासतात. खिडकीशी माणूस हात चोळत उभा असतो आणि मी पिशवी हलक्या हाताने चाचपत असते, अजून मधे बर्फ आहे का. आता सांगा, प्लाझ्मा कुणाला मिळणार? जो तेवढा वेळ जगला त्याला. जो पहिल्या अर्ध्या तासात गेला, त्याच्या नोंदीत लाल पेशीच लाल पेशी. म्हणजे प्लाझ्माने जगवलं, की जगला म्हणून प्लाझ्मा मिळाला? हा प्रश्न माझ्यासारख्या डीएमएलटीवालीला, प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविकेवालीला, पडला म्हणून मी स्वतःवर जरा खूश होते. मग कळलं की तो जाणत्या संशोधकांनाही पडला होता आणि त्याला वाचलेल्यांचा पूर्वग्रह असं रीतसर नावही आहे. असो. खुशी तेवढ्यापुरती.

त्याचा छडा लावायला चिठ्ठ्या टाकूनच अभ्यास करावा लागला. उत्तर अमेरिकेतली 12 रुग्णालयं, 680 रुग्ण, निकाल 2015 साली. एका गटाला प्लाझ्मा, प्लेटलेट, लाल पेशी एकास एकास एक, दुसऱ्याला लाल पेशी दुप्पट. पहिल्या चोवीस तासांतले मृत्यू 12.7 टक्के विरुद्ध 17. महिन्याभरातले 22.4 विरुद्ध 26.1. संख्याशास्त्राच्या चाळणीतून हा फरक पार झाला नाही. पण रक्त वाहून गेल्यामुळेच झालेले पहिल्या दिवसातले मृत्यू 9.2 विरुद्ध 14.6, आणि हा फरक टिकला. बगदादच्या 65 आणि 19 पुढे हे आकडे किती साधे दिसतात. मला ते जास्त खरे वाटतात. माझ्या फलकावरचे तीन जीव मात्र या माणसापुरते पुन्हा एका पिशवीत आणावे लागत होते. पुढे अमेरिकेत काही ठिकाणी अपघातग्रस्तांसाठी अख्खं रक्तच पुन्हा वापरात आलं. हे वाचून शेजारच्या तालुक्यात पेढे वाटले असतील असं नाही. आठ-पंधरा दिवस फ्रिजमध्ये पडलेल्या रक्तातल्या प्लेटलेट काही तितक्या तरतरीत राहत नाहीत, हेही आहेच.

रक्त साठवता येतं हीच मुळात फार जुनी गोष्ट नाही. कार्ल लँडस्टायनरने व्हिएन्नात 1901 साली रक्तगट मांडले, तरी रक्त बाहेर काढलं की साकळायचंच. 1914-15 मध्ये ब्रसेल्सला ह्यूस्तँ, ब्वेनोस आयरेसला आगोते आणि न्यूयॉर्कला लेविसन या तिघांनी आपापल्या जागी सोडियम सायट्रेट वापरून पाहिलं. लेविसनने प्रमाण बसवलं, 0.2 टक्के. सायट्रेट म्हणजे आपल्या लिंबूसत्वाच्या नात्यातलंच. ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, आणि कॅल्शियम नसेल तर साकळण्याची साखळी पुढे सरकत नाही. आमच्या 350 मिलीच्या पिशवीत असं 49 मिली औषध आधीच भरलेलं येतं. एखाद-दुसरी पिशवी असेल तर यकृत ते सायट्रेट निपटतं. पण घटकाभरात दहा पिशव्या गेल्या, आणि यकृतालाही रक्त पुरत नसेल, तर तेच सायट्रेट रुग्णाचंही कॅल्शियम पकडून बसतं. पिशवीत ज्याने रक्त वाचवलं, तेच अंगात जाऊन रक्त साकळू देत नाही. म्हणून मधे मधे कॅल्शियमचं इंजेक्शन. नव्या इंटर्नना मी फोनवर पिशव्यांबरोबर ही आठवण फुकट द्यायचे. काहींना राग यायचा.

गारठ्याचंही तसंच. पिशवी निघते ती चार अंशांतून. असल्या सहा पिशव्या, ओले कपडे, दाराशी पंखा. रुग्ण 34 अंशांवर उतरतो आणि साकळवणारी विकरं सुस्तावतात. मात्र आमची साकळण्याची तपासणी नेहमी 37 अंशांच्या बाथमध्ये होते. म्हणजे टेबलावर माणूस गार पडलाय आणि त्याच्या रक्ताचा रिपोर्ट उबेत बसून सगळं बरं असल्याचं सांगतोय. हे कळल्यावर मी रिपोर्टच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'रुग्णाचं तापमान?' असं लिहायला लागले. दुसऱ्या टोकाला, पिशवी बादलीतल्या कढत पाण्यात टाकणारे मामाही मी पाहिलेत. त्या दिवशी मी इतकी ओरडले की बाहेरचे नातेवाईक उठून उभे राहिले.

माझं माहेर सोलापूर. त्यामुळे डॉक्टर कोटणीस लहानपणापासून ओळखीचे, तसबिरीतले. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 साली तिथेच वारले, वय अवघं बत्तीस. ज्या इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे ते प्रमुख झाले, त्याला नॉर्मन बेथ्यून या कॅनडियन सर्जनचं नाव दिलेलं होतं. या बेथ्यूनने 1936च्या डिसेंबरात, स्पेनच्या यादवीत, माद्रिदमध्ये दात्यांचं रक्त बाटल्यांत भरून, गार ठेवून, मोटारीतून आघाडीवर न्यायची सोय उभी केली होती. जखमी रक्तापर्यंत पोचायच्या आत रक्तानेच त्याच्याकडे जायचं. शाळेत कोटणिसांवर भाषण ठोकून मी कंपासपेटी मिळवली होती. त्यात रक्ताचा उल्लेख नव्हता, त्यागाचा होता. आज तेच भाषण करायचं तर मी त्या मोटारीवर बोलेन.

तरी या सगळ्या विषयात माझं सर्वांत जवळचं माणूस कोण विचाराल तर उताको ओकामोतो. जपानी बाई. युद्धानंतरच्या टोकियोत, केइओ विद्यापीठात, ती आणि तिचा नवरा शोसुके दोघं संशोधक. पैसा नाही, साधनं नाहीत. रक्तावर काम करायचं ठरलं, कारण काहीच नाही मिळालं तर आपलं स्वतःचं काढता येईल. मुलीला सांभाळायला कुणी नाही, तर तिला पाठीला बांधून बाई प्रयोगशाळेत. गुठळी कुरतडणारं ते प्लाझ्मिन, त्याला आवर घालणारं औषध त्यांना हवं होतं. लायसिन या साध्या अमिनो आम्लावर फेरफार करत करत ते एका पदार्थापाशी पोचले, त्यावर आणखी काम केलं आणि 1962 साली ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जगापुढे ठेवलं. ज्या खाचेत प्लाझ्मिनोजेन (प्लाझ्मिनचं आधीचं रूप) फायब्रिनला धरतं, तिथे हे औषध आधीच जाऊन बसतं. पेंढा तोडायला आलेल्याच्या कोयत्याला मूठच सापडू द्यायची नाही.

बाळंतपणात रक्त जाऊन बायका मरू नयेत, हे तिच्या मनात होतं. पण कोबेमधल्या प्रसूतितज्ज्ञांना चाचणी करून पाहायला ती राजी करू शकली नाही. औषध दंतवैद्यांकडे गेलं, जास्त पाळी जाणाऱ्या बायकांकडे गेलं. माझ्या धाकट्या बहिणीच्या पर्समध्ये त्याची पट्टी कित्येक वर्षं असायची, सेफ्टी पिन आणि बसच्या तिकिटांच्या शेजारी. आणि मी रक्तपेढीत बसून ते अपघातात चालेल का, हा विचार कधी केला नाही. कुणीच फारसा केला नाही.

तो केला लंडनच्या इयन रॉबर्ट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी. 40 देश, 274 रुग्णालयं, 20,211 अपघातग्रस्त. भारतातल्या रुग्णांचा त्यात मोठा वाटा. एक ग्रॅम दहा मिनिटांत, आणखी एक आठ तासांत. 2010 साली निकाल आला: मृत्यू 16 टक्क्यांवरून 14.5वर. दीड टक्का ऐकायला चिल्लर वाटतो. पण औषध स्वस्त, फ्रिज नको, क्रॉसमॅच नको, दाता नको, खिडकी नको. आणि मग वेळेचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की पहिल्या तासात दिलं तर फायदा सर्वांत जास्त, तीन तासांपर्यंत तो उरतो, आणि तीन तासांनंतर दिलं तर रक्तस्रावाने मरणारे उलट वाढतात. दर पंधरा मिनिटांच्या उशिराला फायदा साधारण दहा टक्क्यांनी घटतो, असं पुढे निघालं. घाटाच्या पायथ्यापासून आमच्या दारापर्यंत पावसात किती वेळ लागतो, ते मला पाठ होतं.

बाळंतिणींवरचा अभ्यासही झाला. 21 देशांतल्या 20,060 बायका. वेळेत औषध मिळालेल्यांत रक्त जाऊन होणारे मृत्यू कमी झाले. हा निकाल 2017 सालचा. ओकामोतो बाई 2016च्या एप्रिलमध्ये गेली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी. जे तिला कोबेत करून हवं होतं ते झालं, एका वर्षाने चुकलं. माझी मुलगी सहा महिन्यांची असताना मी रात्रपाळीला जायचे. तिला पाठीला बांधून नेण्याची सोय नव्हती, सासूबाईंच्या कुशीत टाकून निघायचे. बाईचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आधी तिची पाठ दिसते का ते पाहिलं.

आता त्या गड्याच्या भावाबद्दल सांगते.

त्या रात्री तीन पिशव्या देताना मी त्याच्याकडून रिवाजाप्रमाणे लिहून घेतलं होतं: बदली रक्तदाते आणून देऊ. तसल्या वेळी माणसं कशावरही सही करतात. त्याने अंगठा दिला. सकाळी रुग्ण गेला तसा तो कागद मी फायलीत खाली सरकवला. मेलेल्याची उधारी आम्ही कधी मागत नसू.

चौदाव्या दिवशी तो खिडकीशी आला. डोक्याचं मुंडण, वरून टोपी. सोबत गावातले दोघे. म्हणाला, "सिस्टर, तीन बाटल्यांचा शब्द होता."

राहू द्या दादा, असं म्हणणार होते. म्हटलं नाही. दोघांचं हिमोग्लोबिन पाहिलं, वजन घेतलं. एकाला काविळीचा इतिहास निघाला, त्याला परत पाठवला. भावाला खाटेवर झोपवलं, दंडाला पट्टा आवळला, हातात मुठीत धरायला कापडाचा गोळा दिला. शीर दोरीसारखी वर आली, कामकऱ्याच्या हाताची येते तशी. पिशवी हलवत मी शेजारी बसले. त्याने एकदाच विचारलं, "त्येला लागलं न्हाई का रक्त?"

"लागलं," मी म्हटलं. "तिन्ही लागल्या."

खरं होतं ते, आणि नव्हतंही.

पिशवी सील केली. तपासणीसाठीचं रक्त नळीतून वेगळं घेताना दोनेक मिली जास्त आलं. ते मी का कुणास ठाऊक, काचेच्या कोऱ्या ट्यूबमध्ये सोडलं आणि स्टँडमध्ये उभी केली. भाऊ चहा आणि बिस्किटं घेत बाकावर बसला होता. बाहेर त्याचा सोबती एसटी किती वाजता ते विचारत होता. मी नोंदवहीत नाव, गाव, वय लिहिलं, गट लिहिला. बी पॉझिटिव्ह. मग घड्याळ पाहिलं आणि ट्यूब तिरकी केली.

हललं नाही. आणखी तिरकी केली, मग पार उलटी धरली. गडद, घट्ट गोळा तळाला तसाच चिकटून राहिला.